पितळी सुरांचे धनी : चिक चॉकलेट

एखादे जुने गाणे घरात वाजू लागले की ते कोणी गायिले हे सांगणारे दहा जण निघतात. संगीत कोणाचे, हेही त्यांतल्या चौघांना ठाऊक असते. परंतु दोन कडव्यांच्या मध्ये जे वाद्य एकदम उसळून उठते आणि ज्याच्यामुळे बसल्या जागी पाय ठेका धरू लागतात, ते वाद्य कोणाच्या हाती होते, असे विचारले तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ज्यांच्या श्रमावर गाणे उभे राहिले त्यांतल्या बहुतेकांची नावे कोठेच छापली गेली नाहीत. अशा वादकांपैकी एका गोमंतकीय कलावंताची ओळख मंडळाच्या भगिनींना करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. त्यांचे खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. मुंबईने त्यांना ओळखले ते चिक चॉकलेट या नावाने. वाद्य ट्रम्पेट, आणि संगीत जाझ!

नाव ऐकून कोणाला हसू येईल. हे संगीत आपल्या ओव्या-भजनांपासून फार दूरचे, असेही वाटेल. तथापि ज्या घरात ‘अलबेला’ या बोलपटाची गाणी एकदा तरी वाजली असतील, त्या घराने चिक चॉकलेट यांचे ट्रम्पेट, नाव ठाऊक नसताना, ऐकलेले आहे.

आल्दोना गावचा मुलगा

अंतोनियो यांचा जन्म १९१६ साली गोव्यात, बार्देश तालुक्यातील आल्दोना या गावी झाला. त्या वेळी गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. १५१० मध्ये आलेली ही सत्ता १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याने गोवा मुक्त करीपर्यंत टिकली. आपला बीड जिल्हाही १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. परक्या वा लहरी राज्यकर्त्याच्या छायेत वाढणे म्हणजे काय, हे आपल्या आजी-पणजींना पुस्तकातून शिकावे लागले नाही. सत्ता अन्यायाची असली तरी तिच्या आश्रयाने आलेली एखादी विद्या मात्र माणसे आपलीशी करून टाकतात. गोव्यातील ख्रिस्ती घरांत ती विद्या म्हणजे संगीत.

गोव्यात चर्चला जोडून गावशाळा असत. तेथे मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरज्ञान दिले जाई. शिकविणाऱ्याला मेस्त्री म्हणत. आपल्याकडे जसे सा, रे, ग, म घोटून घेतात, तसे तेथे दो, रे, मी, फा घोटून घेत. शिवाय पाच रेघांवर लिहिलेले स्वर वाचण्यास शिकवीत. त्यामुळे दहा-बारा वर्षांचा मुलगा कधी न ऐकलेली चाल कागदावरून वाचून व्हायोलिनवर वाजवू शके. चर्चमधील प्रार्थना, गावची जत्रा, लग्न, अंत्ययात्रा, सर्वत्र वादक लागत. याच विद्येच्या बळावर पुढे गोव्याची शेकडो मुले मुंबई-कलकत्त्यापासून थेट ब्रह्मदेश आणि आफ्रिकेपर्यंत पोट भरू शकली.

अंतोनियो याच वातावरणात वाढला. परंतु मुलाने गाण्याबजावण्यात पडावे अशी त्याच्या आईची इच्छा नव्हती. त्याने यंत्रदुरुस्तीचे काम शिकावे, मेकॅनिक व्हावे आणि चार पैसे सन्मानाने मिळवावेत, असे तिला वाटे. त्या माउलीला दोष देता येत नाही. वादकाची मिळकत आज आहे तर उद्या नाही. हंगाम संपला की हात रिकामे. संसाराचे गाडे ओढणाऱ्या कोणत्याही आईने हाच विचार केला असता. पण मुलाचे मन यंत्रात रमेना. त्याचे आदर्श दूर अमेरिकेत होते, आणि त्यांचे वाद्य ट्रम्पेट होते.

पितळेची नळी आणि माणसाचा श्वास

आपल्या गावाच्या नावातच कासार शब्द आहे, तेव्हा पितळ आपल्याला परके नाही. पितळेच्या घागरी, तांबे, समया आपण रोज हाताळतो. ट्रम्पेटही पितळेचेच. सुमारे साडेचार फूट लांबीची नळी वळवून वळवून हातात मावेल अशी केलेली, एका टोकाला ओठ लावण्याची छोटी वाटी, दुसऱ्या टोकाला फुलासारखे उमललेले तोंड, आणि मध्ये दाबायच्या तीन कळा. वरातीच्या बँडमध्ये हे वाद्य आपण पाहिलेले असते.

सनईत ताडाच्या पानाची पत्ती थरथरते आणि सूर निघतो. पेटीत पितळेच्या पट्ट्या असतात; बोट ठेवले की सूर तयार. ट्रम्पेटमध्ये यांपैकी काहीच नाही. तेथे थरथरतात ते वादकाचे स्वतःचे ओठ. कळ दाबली की नळीची लांबी वाढते आणि सूर खाली उतरतो. पण एकाच कळेवर अनेक सूर निघू शकतात, आणि त्यांतला कोणता निघावा हे ओठांचा ताण व श्वासाचा जोर ठरवितो. तीन कळांवर अडीच-तीन सप्तके वाजवायची ती अशी. ओठ किंचित सैल पडले की सूर घसरतो. तास-दोन तास वाजविले की ओठ सुजतात. रोजचा रियाज चार दिवस चुकला तर ओठांची ताकद उतरते. असे हे निर्दय वाद्य आहे. त्याला वश करायला शरीर झिजवावे लागते.

हे वाद्य मुळात लष्करी. सैन्याला इशारा द्यावा, स्वारीची वर्दी द्यावी, यासाठी त्याचा जन्म. आपली तुतारी याच कामाची. अशा रणवाद्यातून हसणे, रडणे, कुजबुजणे, थट्टा करणे अमेरिकेतील निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय वादकांनी साधले. त्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेले गेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहरात या लोकांनी आपली शेतावरची गाणी, देवळातील भजने आणि लष्करी बँडची वाद्ये यांच्या मिश्रणातून जे संगीत घडविले, ते जाझ. १९१७ साली जाझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि थोड्याच वर्षांत ते जगभर पसरले. १९०१ साली न्यू ऑर्लिन्समध्येच अत्यंत दरिद्री घरात जन्मलेले लुई आर्मस्ट्राँग हे त्याचे सर्वांत थोर ट्रम्पेटवादक मानले जातात.

जाझचे मर्म समजण्यास आपल्या जात्यावरची ओवी पुरेशी आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या दोघी जणी एकाच चालीवर ओव्या म्हणत. चाल ठरलेली, जात्याची लय ठरलेली. परंतु शब्द त्या त्या वेळी सुचतील ते. एक भावाविषयी म्हणे, दुसरी पंढरीविषयी, तिसरे कडवे सासरच्या जाचाविषयी निघे. ठरलेल्या चौकटीत प्रत्येकीने आपले मन ओतायचे. जाझमध्ये चौकट असते ती स्वरमेळांची आणि ठेक्याची. वादक त्या चौकटीत प्रत्येक वेळी नवी चाल रचतो आणि ठरल्या मात्रेवर परत येतो. कागद पुढे नसतो. जे काही सुचते ते वाजविता वाजविता सुचायचे असते. गोव्याच्या मुलांना कागद वाचण्याची विद्या उत्तम अवगत होती. आता कागद मिटून वाजविण्याची विद्या त्यांना शिकायची होती.

मुंबईतील दिवस

गोव्यातून मुंबईस येणारा तरुण बहुधा आपल्या गावच्या ‘कूड’मध्ये उतरे. कूड म्हणजे गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालविलेली सामाईक निवासाची खोली. धोबीतलाव, माझगाव या भागांत अशा कितीतरी कुडी होत्या. प्रत्येकाची एक पेटी, रात्री अंथरायला एक वळकटी, भिंतीवर देवाची तसबीर आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना. बोटीवरचे खलाशी, आचारी, शिंपी आणि वादक तेथे एकत्र राहत. नोकरी कोठे आहे याची बातमीही तेथेच लागे.

मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत त्या काळी गोरे अधिकारी, संस्थानिक आणि धनिक पारशी-गुजराती मंडळी नृत्यासाठी जमत. १९३५ साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा जाझ वाद्यवृंद आला. त्यामागोमाग क्रिकेट स्मिथ हे ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक मुंबईत वाजवू लागले. ज्या अमेरिकेत या कलावंतांना गोऱ्यांच्या शेजारी बसण्याची मुभा नव्हती, तिच्यापासून दूर येऊन ते येथे मानाने वाजवीत होते. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यास गेले आणि १९४५ साली तेथेच पटकीने वारले. भारतातील एका पिढीला जाझचे धडे मिळाले ते अशा माणसांकडून. गोव्याची मुले त्यांचे वादन कान देऊन ऐकत, आणि उरलेले ग्रामोफोनच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून शिकत.

हॉटेलच्या रंगमंचावर अंतोनियो वाझ हे नाव चालण्यासारखे नव्हते. श्रोत्यांना अमेरिकेचा भास हवा असे, म्हणून वादक नवी नावे घेत. कावसजी खटाव या पारशी सॅक्सोफोनवादकाने रूडी कॉटन हे नाव घेतले. तसेच अंतोनियो वाझ हे चिक चॉकलेट झाले. आरंभी ते दुसऱ्यांच्या वाद्यवृंदात वाजवीत. पुढे १९४० नंतरच्या दशकात त्यांनी स्वतःचा अकरा जणांचा वाद्यवृंद उभा केला. ताजमहाल हॉटेलला लागून ग्रीन्स नावाचे दुसरे एक हॉटेल होते. आज तेथे ताजची उंच इमारत उभी आहे. या ग्रीन्समध्ये त्यांच्या वाद्यवृंदाला कायमची जागा मिळाली. खुद्द ताजमध्ये त्या काळी मिकी कोरिया या गोमंतकीय वादकाचा वाद्यवृंद वाजत असे. म्हणजे समुद्रकाठच्या त्या दोन शेजारच्या हॉटेलांत रात्री गोव्याच्याच मुलांचे सूर घुमत होते.

चिक चॉकलेट यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आर्मस्ट्राँग यांच्याप्रमाणे घोगऱ्या आवाजात गाणे आणि त्यांच्याच ढंगाने ट्रम्पेट वाजविणे त्यांनी इतके साधले होते की श्रोते थक्क होत. कोणी म्हणेल, ही तर नक्कल झाली. आक्षेप खोटा नाही. परंतु आपल्याकडेही शिष्य प्रथम गुरूचा गळा हुबेहूब उचलतो. खोकलासुद्धा उचलतो म्हणतात! स्वतःचा सूर नंतर सापडतो. चिक चॉकलेट यांचा खरा स्वतःचा सूर सापडला तो हॉटेलच्या नृत्यगृहात नव्हे, तर एका वेगळ्याच ठिकाणी. तेथे त्यांना नेले ते परिस्थितीने.

पुणतांब्याचा संगीतकार

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. गोरे अधिकारी आपल्या देशी परतले. संस्थाने विलीन झाली. १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली, आणि ज्या उत्पन्नावर हॉटेले वाद्यवृंद पोशीत होती ते आटले. दारूबंदीमुळे कित्येक घरांतील स्त्रियांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, हे खरे. पण त्याच कायद्याने वादकांच्या चुली विझण्याची वेळ आली, हेही खरे. एकच निर्णय एका घरी वरदान व दुसऱ्या घरी आपत्ती ठरतो, असा अनुभव जगात येतोच.

या वादकांना आधार मिळाला तो हिंदी बोलपटांचा. तेथे संगीतकारांना मोठ्या वाद्यवृंदाची गरज भासू लागली होती. बहुतेक संगीतकार पेटीवर चाल बांधीत व गाऊन दाखवीत. पण चाळीस-पन्नास वादकांनी एकाच क्षणी काय वाजवायचे हे ठरवायला चाल कागदावर उतरवावी लागते. ते काम गोमंतकीयांना येत होते. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड अशी माणसे संगीतकाराशेजारी बसत, चाल ऐकत ऐकत स्वरलिपीत लिहून घेत, आणि व्हायोलिनने काय वाजवावे, ट्रम्पेटने कोठे उठावे, याची मांडणी करीत. संगीतकार प्यारेलाल हे या गोन्साल्विस यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ च्या चित्रपटातील अँथनीचे नाव आपल्या गुरूच्या सन्मानार्थ गाण्यात गुंफले गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

चिक चॉकलेट यांची गाठ पडली ती सी. रामचंद्र यांच्याशी. रामचंद्र नरहर चितळकर हे आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. जन्म १९१८ सालचा. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी रागदारीचे शिक्षण घेतले होते. बोलपटसृष्टीत ते प्रथम नट म्हणून आले, नंतर पेटीवादक झाले, आणि पुढे संगीतकार. रागदारीत मुरलेला हा मराठी माणूस पाश्चात्त्य ठेक्यांना बिचकत नसे. १९४७ च्या ‘शहनाई’ या बोलपटात त्यांनी ते दाखवून दिले होते. चिक चॉकलेट हे त्यांचे साहाय्यक झाले.

दोघांचे हे सहकार्य ध्यानात घेण्यासारखे आहे. एकाची मुळे गोदाकाठच्या कीर्तन-भजनांत व रागदारीत, दुसऱ्याची गोव्याच्या चर्चमध्ये आणि अमेरिकेच्या जाझमध्ये. एकजण पेटीवर बोटे ठेवून गुणगुणणारा, दुसरा पितळी नळीतून बोलणारा. एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची कोंकणी. १९५१ साली पडद्यावर आलेल्या ‘अलबेला’ या बोलपटात या दोन प्रवाहांचा संगम झाला. दिग्दर्शक व नायक भगवान पालव हेही मराठीच. ते सी. रामचंद्रांचे जुने स्नेही होते आणि स्वतः कसलेले शरीर असूनही अगदी साध्या, हलक्या पदन्यासाने नाचत. त्या नाचाची नक्कल गल्लीतल्या पोराने करावी इतका तो सोपा वाटे. अभिनेत्री गीता बाली त्यात नायिका होत्या. बहुतेक गाणी लता मंगेशकर आणि चितळकर यांनी गायिली. त्याच बोलपटातील अंगाई शांत आणि मृदू, तर नृत्यगीते ट्रम्पेट, बोंगो आणि टाळ्यांनी सळसळणारी. एकाच संगीतकाराने दोन्ही टोके गाठली, आणि दुसरे टोक गाठण्यास चिक चॉकलेट यांचा हात लागला. इतकेच नव्हे, तर त्यांचा वाद्यवृंद या बोलपटात पडद्यावर दिसतोही. झालरी लावलेल्या बाह्यांचे अंगरखे घालून वादक उभे आहेत आणि चिक चॉकलेट ट्रम्पेट उंचावून वाजवीत आहेत, हे दृश्य आजही पाहावयास मिळते.

त्या काळी ध्वनिमुद्रण कसे होई हे समजले तर या वादकांच्या कामाचे मोल ध्यानी येईल. आजच्यासारखे प्रत्येक वाद्य निराळे ध्वनिमुद्रित करून जोडण्याची सोय नव्हती. गायक, कोरस आणि सगळे वादक एकाच दालनात, एकाच वेळी. आरंभापासून शेवटपर्यंत गाणे सलग वाजवायचे. गायिकेचा सूर उत्तम लागला, व्हायोलिने जुळली, आणि शेवटच्या कडव्यात ट्रम्पेटचा एक सूर घसरला, की सारे पहिल्यापासून! पन्नास जणांचे श्रम एका ओठाच्या थरथरीवर अवलंबून. शिवाय ट्रम्पेट इतके मोठ्याने वाजते की वादकाला दूर उभे करावे लागे, नाहीतर गायकाचा आवाज त्यात बुडून जाई. दूर उभे राहून, आपली पाळी येईपर्यंत मात्रा मोजत, थंड झालेल्या ओठांनी पहिल्याच फुंकेत नेमका सूर लावायचा, हे काम किती जोखमीचे! आणि तबकडीवर छापले जाई ते गायकाचे व संगीतकाराचे नाव.

स्वतःच्या नावावर

चिक चॉकलेट यांनी स्वतंत्र संगीतकार म्हणूनही काम केले. १९५१ सालचा ‘नादान’ आणि १९५२ सालचा ‘रंगीली’ या बोलपटांना त्यांचे संगीत होते. ‘नादान’मध्ये देव आनंद आणि मधुबाला यांसारखे कलावंत होते. परंतु संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. गाणे बांधणे आणि गाण्यात प्राण फुंकणे या दोन निराळ्या विद्या आहेत. शिवाय ज्याच्याकडे लोक ट्रम्पेटवाला म्हणून पाहत, त्याच्याकडे शब्दांना चाल लावणारा म्हणून कोण पाहणार? ते पुन्हा आपल्या वाद्याकडे वळले. काही माणसे अशा वेळी कडवटपणाने काम सोडतात. त्यांनी ते सोडले नाही.

याच सुमारास या संगीतावर टीकाही पुष्कळ झाली. परदेशी वाद्यांनी आपले संगीत भ्रष्ट केले, असा सूर होता. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि लोक सिलोनचे केंद्र लावून तीच गाणी ऐकू लागले. १९५७ साली विविध भारती सुरू झाली तेव्हा ही गाणी आपल्या केंद्रावर परत आली. टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे नाही. नुसता गोंगाट म्हणजे संगीत नव्हे, आणि पुष्कळ गाण्यांत गोंगाटच होता. पण वाद्य परदेशी आहे एवढ्याच कारणाने ते वाईट ठरते काय? आपल्या भजनी मंडळातील पेटी युरोपातून आलेली आहे. तिच्यावरही आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके बंदी घातली होती. आज पेटीवाचून हरिपाठ सुना वाटतो. व्हायोलिन परदेशी, दक्षिणेत त्यावाचून मैफल रंगत नाही. वाद्य कोठून आले याला महत्त्व थोडे, ते कोणाच्या हातात कसे बोलते याला अधिक.

अखेरचे सूर

१९६१ साली गोवा मुक्त झाला. ज्या मातीत अंतोनियो वाझ परक्या राजाचे प्रजाजन म्हणून जन्मले होते, ती आता स्वतंत्र भारताचा भाग झाली. मुंबईने मात्र त्यांना त्यापूर्वीच आपले मानले होते.

१९६६ साली ‘आखरी खत’ हा चेतन आनंद यांचा चित्रपट आला. राजेश खन्ना यांचा हा पहिला चित्रपट. संगीत खय्याम यांचे. त्यात रात्रीच्या नृत्यगृहातील एक गाणे भूपिंदर यांनी गायिले आहे, आणि त्या प्रसंगात चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजविताना दिसतात. ‘अलबेला’मधील उसळता तरुण येथे नाही. येथे सूर संथ झाला आहे, गायकाच्या ओळीमागून सावलीसारखा चालणारा, जागा सोडणारा, पुन्हा हळूच येणारा. आर्मस्ट्राँगची नक्कल येथे शोधूनही सापडत नाही. थोडे वाजवून पुष्कळ सांगण्याची ही कला उतारवयाच्या उंबरठ्यावर साधली. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, १९६७ साली, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे पन्नाशीचे. ज्या आर्मस्ट्राँग यांना त्यांनी आदर्श मानले, ते वयाने पंधरा वर्षांनी मोठे असूनही त्यांच्यामागे चार वर्षे जगले.

त्यांच्यानंतर काळ झपाट्याने पालटला. विजेवर चालणारी गिटार आली, मग कळा दाबताच सगळ्या वाद्यांचे आवाज काढणारी यंत्रे आली. पन्नास वादकांचे काम एक यंत्र करू लागले. गोमंतकीय वादकांची ती पिढी हळूहळू पडद्याआड गेली. अलीकडे अभ्यासकांनी त्यांचा शोध घेऊन नावे नोंदविण्यास आरंभ केला आहे. पण कित्येक गाण्यांत कोणते वाद्य कोणी वाजविले याची नोंद आता कधीच मिळणार नाही. वादक गेले, त्यांच्याबरोबर आठवणी गेल्या.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? कलावंताने परदेशी वाद्य वाजवावे की देशी, हा प्रश्न येथे गौण आहे. आल्दोन्याच्या त्या आईला वाटत होते की मुलाने हाताला एखादे खात्रीचे काम शिकावे. त्याने हाताला नव्हे तर श्वासाला काम दिले, आणि ते कोणत्याही कारागिराइतक्या प्रामाणिकपणे जन्मभर केले. गाणे गायिकेचे म्हणून ओळखले गेले, संगीतकाराचे म्हणून गाजले, नायकाचे म्हणून पाहिले गेले. पण लोकांचे पाय नाचविले ते पितळेच्या त्या नळीने.

आपल्या घरांत आणि गावांतही असे पुष्कळ काम चालते. लग्नाचा मांडव सजतो, पंगती उठतात, पाहुणे तृप्त होऊन जातात, आणि आमंत्रणपत्रिकेवर मात्र चुलीपाशी रात्र काढणारीचे नाव नसते. मंडळाच्या कार्यक्रमांतही सतरंज्या उचलणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, निरोप पोचविणाऱ्या भगिनी असतात, त्यांची नावे भाषणांत येत नाहीत. नाव न घेतल्याने काम लहान होत नाही, हे खरे. पण म्हणून नाव घेण्याचे आपले कर्तव्य सुटत नाही. ज्यांनी वाजविले त्यांची नावे वेळीच लिहून ठेवली नाहीत, तर पुढच्या पिढीला ती विचारायलाही कोणी उरत नाही.

म्हणून भगिनींनो, पुढच्या वेळी घरात ‘अलबेला’चे गाणे लागले, आणि दोन कडव्यांच्या मध्ये ते पितळी सूर उसळले, तर मुलांना अवश्य सांगा : हे ट्रम्पेट आहे, आणि ते वाजविणाऱ्यांच्या मेळ्याचा म्होरक्या होता गोव्यातील आल्दोना गावचा अंतोनियो वाझ.